पहिला हात

गाडीचा रंग निवडताना माणसे तासन्‌तास घालवतात. रंगाखालच्या अस्तराची चौकशी कोणी करीत नाही. मीही केली नसती. परंतु अण्णांची जुनी फियाट लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला आणली आणि मिस्त्रीने दाराखालचा पत्रा दाबून पाहिला, तो अंगठा आरपार गेला! वरून रंग शाबूत, आत नुसता भुगा.

अण्णांमागे आठ वर्षे ही गाडी थोरल्या भावाच्या अंगणात लिंबाखाली उभी होती. वाटणीवरून आमचे बोलणे तुटले होते. यंदा श्रावणात त्याने निरोप धाडला, ‘घेऊन जा.’ पत्र्याची ती दशा पाहून वाटले, दादाने पुरती हेळसांड केली. जुन्या हिशेबात मी आणखी एक रक्कम मांडून ठेवली.

“रेड ऑक्साईड मारून टाका,” मी म्हणालो.

मिस्त्री हसला. “मास्तर, ते गंजाचंच भावंड हाये.”

रसायनशास्त्राशी माझी ओळख दहावीनंतर राहिली नव्हती. तरी पुस्तके उघडली. मिस्त्रीचे खरे होते. गंज लोहाचा ऑक्साईड, गेरू तोच आणि खिडकीच्या गजांना देतात ते तांबडे अस्तरही तेच. ते पत्रा झाकते. खाली लागलेली कीड थांबवीत नाही. पूर्वी लोखंडी पुलांना शेंदराचे अस्तर देत. जवसाच्या तेलात कालवलेला हा शिशाचा ऑक्साईड गंजाला खरोखर अडवी. पण शिसे विषारी, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. म्हणून घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. पिवळे झिंक क्रोमेटही गुणी, पण त्यातून कर्करोगाची भीती. उरला झिंक फॉस्फेट घातलेला एपॉक्सी प्रायमर. त्याचे डबे दोन. एकत्र केले की ठरल्या वेळात वापरून संपवावे लागतात. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उभा आहे, तोही अंगावर धरलेल्या फॉस्फेटच्या पातळ थरामुळे. मी एपॉक्सी ठरवला.

“कोनताबी लावा,” मिस्त्रीने बजावले, “आधी गंज खरवडून पत्रा पांढरा झाला पाहिजे. कुजलेला तुकडा कापून नवा जोडायचा. नाहीतर पैसे पाण्यात.”

खरवडायला मीही बसलो. गाडीच्या पोटाखाली तांबड्या अस्तराचे थरावर थर निघाले. कारखान्यातले नव्हेत, घरच्या ब्रशाचे, ओघळ आलेले. माझा हात थांबला. संध्याकाळी लातूरला फोन लावला.

“दादा, गाडीला खालून रंग कोण लावीत होतं?”

“मीच. दर पावसाळ्याआधी. अण्णांची गाडी हाये ना.”

गंज न काढताच तो लावीत होता, एवढीच त्याची चूक. मी तर आठ वर्षांत ब्रशही उचलला नव्हता.

पत्रा आता पांढरा झाला आहे. अस्तराचा पहिला हातही बसला. वरचा रंग कोणता द्यायचा, ते दादाला विचारले आहे. तो म्हणाला, “थांब, मी येतो.”