रात्रीचे गुऱ्हाळ

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, साखर निघाली तेव्हा घरात पहिली गोष्ट घडली ती अशी, की गुळाच्या डब्याला कुलूप लागले. मलकापूर हे कऱ्हाडला चिकटलेले, कृष्णा-कोयनेच्या ऊसपट्ट्यातले गाव. गळिताचा हंगाम आला की महामार्गावर उसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि ओळखीच्या गुऱ्हाळावरून ताजी काकवी किटलीतून घरी यायची. अशा गावात मधुमेह म्हणजे गोडाच्या हावेची शिक्षा, हे कोणी कोणाला शिकवावे लागत नव्हते.

अण्णा शाळामास्तर होते. अंगाने काटकुळे, जेवणाने बेताचे. रात्री भाकरीचा चतकोर आणि भाजी एवढे खाऊन ते निजत. तरीही सकाळची उपाशीपोटीची साखर दर वेळी वाढलेलीच येई. कागदावरचा तो आकडा आम्ही चोरीच्या पंचनाम्यासारखा वाचत होतो. "अहो, रात्री उठून काही खाल्लंत का?" असे आई विचारी. अण्णा म्हणत, "नाही गं." पुढेपुढे त्यांनी उत्तर देणेच सोडले. आम्ही त्यांच्या बाजूने एक शब्दही बोललो नाही.

आम्ही पुढे मराठीचे अध्यापन केले. संहिता जे सांगत नाही ते तिच्या तोंडी घालू नये, असे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे बजावले. घरातल्या एका आकड्याचे मात्र आम्ही धडधडीत चुकीचे वाचन केले होते, हे अण्णा गेल्यानंतर कळले.

आपण निजलेले असतो तेव्हाही मेंदूला साखर लागते. ती पुरवण्यासाठी यकृत रात्रभर साठ्यातली साखर सोडते आणि नवीही घडवते. किती घडवायची याला आवर घालण्याचे काम इन्सुलिनचे. जेवणानंतर हेच इन्सुलिन स्नायूंना साखर उचलण्याचा निरोप देते. तो पोचला की पेशीच्या पोटातली साखरवाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. इन्सुलिन-प्रतिरोध म्हणजे हा निरोप पोचूनही त्याचा अंमल नीट न होणे. मग स्नायू कमी साखर उचलतात आणि यकृत थांबायचे तिथे थांबत नाही. अण्णांनी रात्री काही खाल्ले नव्हते. गुऱ्हाळ त्यांच्या शरीरातच रात्रभर चालू होते. आम्ही कुलूप भलत्याच ठिकाणी लावले होते.

काटकुळ्या माणसाला हे का व्हावे, याचे उत्तर आमच्यापासून फार लांब नव्हते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जन्मतः कमी वजनाची ही बाळे स्नायूंनी रोड होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या माणसाच्या आत काय साठले आहे, हे तराजू सांगत नाही. यकृतात आणि स्नायूंत चरबी साचली की इन्सुलिनचा निरोप तिथे क्षीण होतो.

याहून आम्हांला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. रक्तात वाढलेली साखर हा प्रतिरोधाचा केवळ परिणाम नसतो. ती स्वतःच प्रतिरोध वाढवते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेही उंदरांना सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडणारे फ्लोरिझिन हे द्रव्य दिले. ते इन्सुलिनला हात लावत नाही, फक्त जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढते. साखर उतरली आणि त्या उंदरांच्या पेशी इन्सुलिनला पूर्ववत प्रतिसाद देऊ लागल्या. म्हणजे येथे कार्य आणि कारण एकमेकांच्या शेपट्या धरून फिरतात. अशा वर्तुळात गुन्हेगार शोधायला निघालेल्याला जो जवळ असेल तोच सापडतो.

सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: सहज आणि अपथ्यनिमित्तज. पहिल्यातला रोगी कृश आणि अल्पाहारी, दुसऱ्यातला स्थूल आणि बहुभक्षी. आजची वर्गवारी निराळी आहे, पण कृश, अल्पाहारी माणसालाही जुन्या ग्रंथाने जागा ठेवली होती, हे विसरता येत नाही. आमच्या लोकव्यवहाराने मात्र त्यातले 'अपथ्य' तेवढे उचलले. त्यात 'प्रतिरोध' या शब्दाने भर घातली; जणू शरीर हट्टाला पेटले आहे आणि त्या हट्टाचा जाब शरीराच्या मालकाने द्यायचा आहे.

पथ्य निरर्थक आहे, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. गोडावर आवर हवाच, चालणे हवे, औषधही वेळेवर हवे. पण पथ्य वेगळे आणि पाळत वेगळी. मलकापुरात १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. सकाळचा आकडा असा का येतो, हे चार पावले चालून कोणालाही विचारता आले असते. आम्ही ते विचारले नाही, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशी आमची खात्री होती.

तो डबा अजून घरात आहे. कुलूप केव्हाच निघाले. कडीवर गंजाची खूण तेवढी राहिली आहे. अण्णांचे "नाही गं" खरे होते, एवढे लिहून ठेवायचे राहिले होते.