त्या दुकानाच्या खात्यावर

शहाद्याच्या बाजारपेठेतलं एक कापड दुकान २०२४ च्या दिवाळीनंतर बंद झालं. पेपरात बातमी यावी एवढं ते मोठं नव्हतं. दोन गाळ्यांची जागा, पुढे लाकडी फळ्यांचं दार, आत पांढरी गादी आणि मागे छताला भिडलेली कपाटं. तीन पिढ्यांनी ते चालवलं. नाव छापलेलं घरच्यांना आवडणार नाही, म्हणून मी इथे नुसतं ‘शेठ’ म्हणतो. मी आयुष्यभर त्यांना तेच म्हणत आलो.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. लोक मला ‘गुरुजी’ म्हणतात तेव्हा मनातून थोडा संकोच वाटतो, कारण शिकवण्याचं जे काही मला जमलं त्यातला मोठा भाग मी त्या गादीच्या कडेला उभा राहून उचलला. डी.एड.ला त्याचा कागद मिळाला, एवढंच.

माझे वडील सालदार होते. आमच्या खानदेशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लागतं आणि पुढच्या आखाजीला फिटतं. ठरलेली रोकड, धान्य आणि वर्षाचे कपडे. मालक चिठ्ठी देत आणि ती घेऊन वडील शहाद्याला येत. एकदा मीही बरोबर होतो. दुष्काळाचं, म्हणजे १९७२ चं साल असावं. वडील चपला बाहेर काढून पायरीवरच थांबले. शेठ आतून म्हणाले, “बठ भो, पहिले पानी पे.” शेठच्या घरची भाषा गुजराती, पण दुकानात ते अहिराणीच बोलत. वडिलांना कुणी ‘बस’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वडील बसले नाहीत, पाणी मात्र प्यायले.

१९७८ मध्ये दहावीची परीक्षा झाली आणि मी त्याच दुकानात कामाला लागलो. बारावी आणि डी.एड. होईपर्यंत प्रत्येक सुट्टी तिथेच गेली. झाडू, माठ भरणं, गिऱ्हाइकापुढे ताके उलगडणं आणि ते गेल्यावर पुन्हा घडी घालणं. घडी घालणं सोपं वाटतं. काठाला काठ जुळला नाही तर ताका तिरपा बसतो आणि कपाटात फुगतो. माझे ताके बरेच दिवस फुगत राहिले. शेठ ओरडत नसत, ताका काढून पुन्हा माझ्यापुढे टाकत.

त्या काळात टेरिकॉटचं वेड होतं. सुती कोणतं, मिसळीचं कोणतं, हे गिऱ्हाइकाला कळत नसे आणि मलाही नाही. शेठ ताक्याच्या तोंडाचे दोन दोरे ओढत, बोटांत पिळत आणि काडी लावत. सुती दोरा कागदासारखा जळून त्याची करडी राख होई, चिमटीत धरली की उडून जाणारी. टेरिलीनचा दोरा मात्र आकसत जाऊन टोकाला काळी कडक गोळी बने. ती गोळी ते गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवत आणि मगच भाव सांगत. यामुळे कधी कधी गिऱ्हाईक तुटायचं. मला तो तेव्हा शुद्ध वेडेपणा वाटे. पुढे वर्गात एखादी गोष्ट मुलांच्या हातात दिल्याशिवाय मी बोलायचं टाळू लागलो, ते बहुधा इथूनच आलं.

शेठ संत होते असं मी म्हणणार नाही. पगार वाढवताना त्यांचा हात आखडता असे, आणि बांधून झालेल्या पुड्याची सुतळी वीतभर जास्त गेली तरी त्यांच्या लक्षात येई. पण काही नियम त्यांनी मोडलेले मी पाहिले नाहीत.

आमच्या दुकानाचा खरा हंगाम दिवाळीचा नव्हता, होळीचा होता. सातपुड्यात होळी हाच मोठा सण. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं होळीला परत येतात. होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, ढोल वाजतात आणि नवे कपडे घेतले जातात. धडगावकडची पावरा आणि भिल्ल माणसं त्या दिवसांत शहाद्याला उतरायची. बायका घागऱ्याचं आणि ओढणीचं कापड बघायच्या, पुरुष धोतर आणि सदऱ्याचं. मी त्यांच्यापुढे खालच्या फळीवरचं स्वस्त छिट आणि मांजरपाट टाकायचो. वरचे ताके काढायचे कशाला, हे काय घेणार, असा माझा हिशेब. मीही सालदाराचाच मुलगा, पण पांढऱ्या गादीजवळ उभं राहिलं की माणसाला आपण कुठून आलो याचा विसर फार लवकर पडतो.

शेठनी हे दोन-तीनदा पाहिलं असावं. एकदा ते स्वतः उठले, शिडी लावली आणि सगळ्यात वरचे ताके त्या बायकांपुढे एकामागून एक उलगडले. त्यांनी कापड चोळून पाहिलं, उजेडाला धरलं, आपसात बराच वेळ बोलल्या आणि काहीच न घेता निघून गेल्या. मी ढिगाकडे बघत राहिलो. शेठ म्हणाले, “घडी घाल. त्यांना आज घ्यायचं नव्हतं, बघायचं होतं. बघायचा हक्क सगळ्यांना सारखा.” त्या बायका परत आल्या की नाही, ते मला आठवत नाही.

याच दिवसांत मी पावरी बोली ऐकायला लागलो. शेठना ती कामापुरती येत होती: रंग, माप, आकडे, नातं, गाव, पाऊस. मी त्यांच्या मागे उभा राहून शब्द उचलत गेलो आणि रद्दी वहीच्या पाठीमागे लिहीत गेलो. विक्री वाढेल एवढाच हेतू होता.

वडील गेले ते रात्री. मी तेव्हा डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मयताच्या कापडासाठी शहाद्याला आलो तेव्हा बाजार कधीच निजला होता. शेठ वरच्या मजल्यावर राहत. हाक मारली तर दिवा लागला आणि ते किल्ल्या घेऊन खाली आले. काय झालं, हे विचारलंच नाही. अवेळी कापडाला आलेल्या माणसाला ते विचारत नसत. त्यांचा नियम मला ठाऊक होता, पण आता मी दुकानाच्या दुसऱ्या बाजूला होतो. मयताच्या कापडाला मीटर लावायचा नाही, अंदाजाने जास्तच द्यायचं. कात्री लावायची नाही, हाताने फाडायचं. आणि ते वहीत लिहायचं नाही. बंद बाजारात कोरं कापड फाटल्याचा आवाज मोठा येतो. शेठ म्हणाले, “भाऊ पाणी प्यायला यायचा.” दुसरं काही बोलले नाहीत.

१९८३ मध्ये मला अक्राणीतल्या एका पाड्यावर नेमणूक मिळाली. तेव्हा जिल्हा धुळे होता. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. धडगावपर्यंत एसटी, पुढे पायी. शाळा म्हणजे कुडाची खोली. हजेरीपटावर नावं होती, मुलं नव्हती. मी पुस्तकातली मराठी बोलायचो आणि एखाददुसरं मूल आलं तर ते दाराशी उभं राहून बघायचं आणि निघून जायचं. बदलीसाठी अर्ज करावा असं माझ्या मनात पक्कं होत आलं होतं.

तेवढ्यात एक म्हातारा भेटला. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि बरोबरच्यांना सांगितलं की हा मास्तर नाही, हा शहाद्याच्या दुकानातला पाणी देणारा पोऱ्या. त्या एका वाक्याने पाड्यावरची माझी जागा ठरली. मला राहायला घर मिळालं ते त्या ओळखीवर, आणि मुलं शाळेत आली तीही. रद्दी वहीतले शब्द मी बरोबर नेले होते, तेच पहिलीचे पहिले धडे झाले: लाल, पिवळा, एक हात, दोन हात, तुझं गाव कोणतं. माझी पावरी दुकानदारी वळणाची होती आणि मुलं तिला खूप हसायची. हसत हसत बसायची, हे मला पुरेसं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बस्ता त्याच दुकानात बांधला. हातात पैसे नव्हते. शेठनी नवऱ्यामुलाकडच्या माणसांसमोर उधारीचा उल्लेख येऊ दिला नाही. ते गेल्यावर माझ्या नावाचं पान उघडलं. पगारातून मी ते फेडत गेलो. शेवटचा हप्ता दिला तेव्हा त्यांनी हिशेबाखाली रेघ मारली आणि म्हणाले, “मास्तर, खातं बंद नाही करत. चालू ठेवतो.” ते गिऱ्हाईक टिकवण्याचं धोरण होतं की आणखी काही, याचा मी कीस पाडला नाही.

दुकान का बंद पडलं याची कारणं लोक एका दमात सांगतात: मॉल, मोबाइल, ऑनलाइन. मला ते अर्धवट वाटतं. मी पाहिलं ते असं. आधी मिलचा माल गेला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या कपाटातले मुंबईचे शिक्के कमी होत होत सगळी फळी सुरतेची झाली. सुरत आम्हाला जवळची, माल स्वस्त, रोज नवा. दुकान त्यातून तरलं, खरं तर वाढलं. मग शिंपी गेले. दुकानाच्या ओट्यावर दोन मशिनी असत. सदऱ्याच्या शिलाईत तयार शर्ट मिळू लागला तसे ते दोघे उठले आणि त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. शिंपी नसेल तर कापड कोण घेणार? माझ्या मते दुकानाचा शेवट तिथेच ठरला. बाकीचं नंतर भरत गेलं: नोटाबंदी, मग १ जुलै २०१७ पासूनचा जीएसटी. कापडाला वर्षानुवर्षं विक्रीकर माहीत नव्हता, त्यावर पाच टक्के आले आणि चोपडीवर वाढलेल्या माणसाला संगणकाचा हिशेब आला. मग टाळेबंदी, तीही नेमकी होळीनंतर.

शेवटचा आधार शाळांच्या गणवेशाचा होता. मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये येत आणि शाळा व्यवस्थापन समित्या जवळच्या दुकानातून कापड घेत. २०२४ मध्ये सगळ्या राज्याला एकच गणवेश आणि कापड वरूनच, असं सुरू झालं. वर्षअखेरीस सरकारने ते फिरवलं, पण तोवर शेठच्या मुलाने गाळा रिकामा केला होता. शेठ आधीच गेले होते. मुलाला मी दोष देत नाही. त्याने आठ-दहा वर्षं तोट्यात दुकान उघडं ठेवलं, आणि त्याची मुलं शिकून बाहेर आहेत.

सामान हलवताना मी मदतीला गेलो होतो. माळ्यावरून लाल कापडात बांधलेल्या वह्या उतरवल्या, चाळीसच्या दशकापासूनच्या. प्रत्येक पानावर माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, पाडा, काय नेलं, किती दिलं. नर्मदाकाठची निमगव्हाण, डोमखेडी अशी गावंही त्यात आहेत. सरदार सरोवराचं पाणी १९९३ मध्ये मणिबेलीत शिरलं आणि पुढे त्या पट्ट्यातल्या गावांवर चढत गेलं. महाराष्ट्राची ३३ गावं त्या बुडिताने बाधित झाली. तिथली काही गिऱ्हाइकं पुढे पुनर्वसनाच्या वसाहतीतून खरेदीला येऊ लागली. शेठनी त्यांच्या पानावर जुनं गाव खोडलं नाही. शेजारी वसाहतीचं नाव लिहिलं आणि आधी ‘मूळ’ असा शब्द घातला.

बरीच पानं न फिटलेली आहेत. मुलाने वसुलीचा विचार केव्हाच सोडलाय. वह्या मात्र त्याला रद्दीत घालवत नाहीत आणि घरात जागा नाही, म्हणून सध्या त्या माझ्या पडवीत पेटीत आहेत. वाळवीची भीती आहे, आणि माझंही वय झालं.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे, किंवा आपल्या भागातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे ही पेटी जावी असं मला वाटतं. अट एकच, लोकांची नावं आणि त्यांची बाकी चव्हाट्यावर येऊ नये. हे वाचणाऱ्यांत अशा कामातलं कुणी असेल तर त्यांनी पावसाळ्याआधी यावं. घरच्यांची परवानगी मी घेऊन ठेवली आहे.