आसेगांवचा गीतवर्ग

वाशीम जिल्हा ता. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. परंतु ज्या नगरावरून त्यास हें नांव मिळालें, तें वाकाटकांच्या काळीं ‘वत्सगुल्म’ म्हणून प्रसिद्ध होतें. त्या घराण्यांतील सर्वसेन राजानें ‘हरिविजय’ नांवाचें प्राकृत काव्य रचिलें. पुढें राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या ह्यांचा विवाह ह्याच वत्सगुल्मांत लाविला. तेव्हां मंगरुळपीर तालुक्यांतील आसेगांवाहून कांहीं हौशी मंडळींचें आम्हांस पत्र आलें, कीं ‘आमच्या गांवच्या नवशिक्यांना गीतें रचण्यास तीन दिवस शिकवा’, तेव्हां ह्या मुलखांत असा वर्ग भरावा हें आम्हांस सर्वस्वीं उचित वाटलें.

कार्तिकाचे दिवस होते. एस्. टी.च्या मोटारींतून जातांना दोन्ही बाजूंस काळी जमीन पसरलेली. सोयाबीन निघून गेलेलें, तूर पिवळ्या फुलावर आलेली, कपाशीचा वेचा चाललेला. मंगरुळपीर म्हणजे दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बीरबलनाथांचें देऊळ ह्या दोहोंपुढें मान लवविणारें गांव. आसेगांव त्याच संस्कारांतलें. शाळेच्या एका खोलींत सतरंज्या अंथरून आमची बैठक तयार होती.

वर्गास अठरा मंडळी आली : नऊ तरुण शेतकरी, पांच गृहिणी, तीन शाळकरी मुली व एक सत्तरीच्या आजीबाई. ह्याहून अधिक संख्या आम्हीं घेतली नसती. नवशिक्याची ओळ दोनदां वाचून ऐकावी लागते. गर्दींत तें साधत नाहीं, आणि जो लाजाळू आहे तो शेवटपर्यंत लाजाळूच राहतो. सर्वांनीं वर्तुळांत बसावें, कोणाच्या ओळीला हंसूं नये आणि बक्षीस कोणालाच नाहीं, एवढे तीन नियम आम्हीं घालून दिले.

दिवसाची आंखणी आम्हीं राजशेखराकडूनच उसनी घेतली. त्याच्या कविचर्येंत सकाळच्या प्रहरीं अध्ययन, मग रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी, आणि दिवस कलतां सकाळच्या रचनेची तपासणी असा क्रम आहे. रसाच्या आवेशांत लिहितांना विवेकाची दृष्टि जागी नसते, म्हणून तपासणी मागाहून करावी, असें तो बजावतो. हजार वर्षांपूर्वींचा हा उपदेश अजूनहि सोळा आणे खरा आहे.

पहिल्या दिवशीं आम्हीं कोणालाहि अर्थाचें कांहीं लिहूं दिलें नाहीं! ही युक्ति अकराव्या शतकांतील काश्मीरच्या क्षेमेन्द्राची. आपल्या ‘कविकण्ठाभरणां’त तो नवशिक्यास सांगतो, कीं प्रथम वाक्यार्थशून्य पदांनीं वृत्त भरून काढावें. कान तयार झाला, कीं अर्थ आपोआप वाट काढतो. आजचे चित्रपटांतील संगीतकारहि चाल बांधतांना असेच निरर्थक शब्द गुणगुणतात. आम्हीं मोठ्या अभंगाचें माप दिलें. पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्यांत यमक. बोटांवर अक्षरें मोजीत मंडळींनीं भेंडी, घागर, बैलजोडी अशी वाटेल ती मोट बांधली आणि खोलींत खसखस पिकली. पण संध्याकाळपर्यंत अठरापैकीं पंधरांचें माप चुकेनासें झालें.

दुसऱ्या दिवशीं अर्थाला हात घातला. आम्हीं सांगितलें, ‘स्वतःच्या घरांतल्या व शेतांतल्या दहा वस्तु लिहा, चंद्र, गुलाब आणि काळीज मात्र वगळा.’ तेव्हां एका गृहिणीनें भीत भीत विचारलें, ‘गुर्जी, आमच्या बोलींत गाणं लिवलं तर चालते काय?’ आम्ही म्हणालों, ‘काहून नाहीं चालत?’ वर्ग मोकळेपणानें हंसला व त्यानंतर ओळींत जीव आला. ह्याच वऱ्हाडांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं खंजिरीवर भजनें गाऊन गांवेंच्या गांवें जागीं केलीं. अमरावतीच्या सुरेश भटांनीं ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना गझलेचें तंत्र समजावून दिलें. शिकवून कवि होत नाहीं हें खरें. पण शिकल्यानें असलेला कवि वांया जात नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

त्याच दुपारीं वर्गापुढें एक अवघड प्रसंग उभा राहिला. एका तरुणानें बापानें कर्जापायीं विकलेल्या शेतावर कडवीं रचलीं होतीं. कडवीं खरीं होतीं, म्हणूनच ऐकवत नव्हतीं. त्याचा सोबती म्हणाला, ‘उद्यां पारावर तुझा बाप बसला असेल. चार लोकांत त्याची मान खालीं घालशील काय?’ तरुण वही मिटूं लागला. गाण्यानें घराची अब्रू वेशीवर टांगावी काय, आणि टांगूं नये म्हणून दुःख गिळून बसावें काय, ह्यावर बराच वेळ वाद झाला.

तो मिटविला आजीबाईंनीं. ‘आमी सासूचं गाऱ्हाणं सासूले कधी सांगतलं नाही, बाप्पा. जात्याले सांगतलं. तूं बापाचं नांवच घेऊं नको, वावरालेच बोलूं दे.’

आम्ही थक्क झालों. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातव्हां ह्यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रांतील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या आहेत. माणसांपुढें जें बोलतां येत नव्हतें, तें स्त्रियांनीं दगडापुढें मांडलें, आणि दगडानें तें पिढ्यान्‌पिढ्या सांभाळिलें. अलंकारशास्त्रांत ज्यास अन्योक्ति म्हणतात, ती ह्या माउलीस जात्यावर बसून अवगत झाली होती.

तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं पारावर गाणीं झालीं. तरुणाच्या गाण्यांत आतां शेत आपल्या जुन्या धन्याला हांक मारीत होतें. धुऱ्यावरच्या बाभळीखालीं त्याची वाट पाहत होतें. बाप खरोखरच बसला होता. गाणें संपल्यावर कोणी टाळी वाजविली नाहीं. मग तो खांकरून म्हणाला, ‘बाभूळ नव्हती, बाबू. निंब होता. पुन्हा म्हण.’ मुलानें तेथेंच शब्द बदलला. अक्षर एक कमी पडलें, तें त्यानें ‘तो’ घालून भरलें, आणि गाणें पुन्हा म्हटलें. ह्या वेळीं बाप त्याच्याबरोबर मान हालवीत होता.

हिशेबच द्यावयाचा तर अठरांपैकीं अकरांचीं गीतें पुरीं झालीं. त्यांतील दोन-तीन टिकतील. बाकीचीं ज्यांनीं रचलीं त्यांच्या उपयोगीं पडतील. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें सुटींत असा वर्ग बिनखर्चाचा भरूं शकतो. एक वही, एक सतरंजी, मोजायला दहा बोटें आणि ऐकून घेणारीं माणसें एवढी सामग्री पुरे. मात्र आजीबाईंना स्वयंपाकघरांत गुंतवून ठेवूं नये. त्यांना वर्तुळांत बसवावें. शास्त्र आम्ही सांगूं. गाऱ्हाण्याचें गाणें कसें करावें, हें त्यांच्याकडूनच शिकावें लागेल.