खजिनदारांची वही

२३ मार्च २०२५, रविवार
उपासनेनंतर पंचांची बैठक झाली. इमारत निधीची वही आणि बँकेचं पासबुक जुळेना. खजिनदार दादांनी आढेवेढे न घेता सांगितलं: पगार रखडला, मुलाची फी भरायची होती, म्हणून पैसे उचलले. भाजी विकणाऱ्या आमच्या मावशीसुद्धा त्या निधीत दर महिन्याला पाकीट टाकतात, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

घरी पोचेपर्यंत कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं. संताप आला. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिलाय: आधी एकट्याने जाऊन भावाशी बोला, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, मंडळीपुढे नेणं त्यानंतर. इथे दादा कबुली देऊन बसलेत आणि बदनामी घरोघर पोचलीय.

२६ मार्च, बुधवार
संध्याकाळी पाळकसाहेबांबरोबर रोडपालीला दादांकडे गेले. वहिनींनी चहा ठेवला, पण बाहेर येऊन बसल्या नाहीत. दादांनी वहीच्या पानावर हप्ते लिहून ठेवले होते. साहेब स्पष्ट बोलले: खजिनदारपद सोडा, पैसे फेडा, मंडळीसमोर स्वतः सांगा. आणि लगेच म्हणाले, “माझ्या प्रवासखर्चाची पावतीही पंचांनी तपासावी.” हे फार महत्त्वाचं वाटलं. ऑडिट तर १९५०चा विश्वस्त कायदाही मागतो. पण पाळकाने आपण होऊन वही पुढे केली की बाकीच्यांना विचारायचा धीर येतो.

प्रभुभोजनापासून दादांना दूर ठेवावं, असं दोन पंचांचं म्हणणं आहे. मला पटत नाही. पाप नाकारणाऱ्याला जागं करायला तो उपाय. यांनी तर कबूल केलंय.

५ एप्रिल, शनिवार
पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली काढलेला त्यांचा पत्रव्यवहार पुन्हा उघडला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला, तेव्हापासून सिस्टर जेराल्डिन त्यांच्या मार्गदर्शक. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. १८८५च्या पत्रांत मात्र खडाजंगी आहे: जेराल्डिन अहंकाराबद्दल कान उघडतात, रमाबाई सदसद्विवेक कुणाकडे गहाण टाकणार नाही म्हणून ठणकावतात. तरी पुढे अमेरिकेत काम करताना रमाबाईंनी मनोरमेला त्यांच्याकडेच ठेवलं. इतकं भांडूनही पोटची मुलगी सोपवता यावी, असा विश्वास आमच्या पंचमंडळात आहे का? अजून नाही.

६ एप्रिल, रविवार
दादा उभे राहिले, बोलले. मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं, “पैसे कधी येतील?” दादांनी तारीख सांगितली. विचारायचा हक्क मावशींचाच होता. प्रभुभोजन दादांना दिलं. एक पंच नाराज होऊन निघून गेले, त्यांच्याकडेही जावं लागेल. यापुढे दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत, असा ठराव झाला.

वहिनी आल्याच नाहीत. त्यांचा यात काय दोष? बुधवारच्या महिला सभेला त्यांना घरून घेऊन येणार आहे. वचन त्यांनीच वाचायचं, हे सेक्रेटरीबाईंशी बोलून ठेवलंय.