आडव्या स्वभावाचा

गाडीच्या पोटाखाली एक पोलादी दांडा आडवा पडलेला असतो. अंगठ्याएवढा जाड, दोन्ही टोकांना वाकवलेला, मधे दोन रबरी बुशांत अडकवलेला. त्याची टोकं लिंक रॉडने डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली. रेसिंगवाले त्याला अँटी-रोल बार म्हणतात, आपल्याकडच्या गॅरेजात तो स्टॅबिलायझर. स्प्रिंगचं कौतुक होतं, शॉकअपवर पैसे खर्च होतात. याची आठवण मात्र "साहेब, लिंक रॉड वाजतोय" असं मेकॅनिकने सांगेपर्यंत कुणाला होत नाही. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांनी 1919 साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे वयाने शंभरी ओलांडलेली असामी आहे.

स्वभाव भावकीतल्या पंचासारखा. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर हा बुशांतल्या बुशांत फिरतो आणि पडून राहतो; दोघांचं एकमत आहे, आपण कशाला बोला? एक वर आणि एक खाली झालं, की लगेच अंगाला पीळ देऊन मधे पडतो. वर जाणाऱ्याला दाबतो आणि खाली राहिलेल्यालाही वर ओढतो. खंबाटकी घाटाच्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलू लागली की तिला आवरणाऱ्यांत हाही असतो. पण डाव्या चाकाखाली खड्डा आला तर त्याचा हिसका उजव्यालाही देतो. न्याय करताना शेजाऱ्याला त्रास होणारच, असं त्याचं म्हणणं असावं.

त्याचा ताठा जाडीवर ठरतो, आणि हिशोब चौथ्या घाताचा. 20 मिलिमीटरच्या जागी 22 चा भरीव दांडा टाकला तर जाडी वाढते दहा टक्के आणि ताठरपणा 46. दोन मिलिमीटरवरून इतका फुगणारा माणूस आपल्याही ओळखीत असतोच.

माझी आणि त्याची खरी ओळख झाली ती कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरातल्या गॅरेजात, तीही गाडी बाहेर ड्राइव्हवेवर उभी असताना. गाव तसं गाड्यांचंच. साठच्या दशकात जनरल मोटर्सने इथे कारखाना काढला, 1984 मध्ये त्याच जागी टोयोटाबरोबरच्या भागीदारीतला न्यूमी हा कारखाना सुरू झाला, आणि 2010 पासून तिथे टेस्ला आहे. टेस्लाची जड बॅटरी फरशीत असते, गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी मुळातच कमी कलते. आमच्या गॅरेजात गणपतीच्या मखराचे खोके आणि लोणच्याच्या बरण्या यांच्यामधे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट आहे. तिच्यावर सीट, स्टिअरिंग, पेडल आणि समोर पडदा. लेक तिथे बसून आयरेसिंग या सिम्युलेटरवर, म्हणजे सिमवर, माझ्दा एमएक्स-5 चालवते. ट्रॅक बहुधा लगूना सेकाचा, म्हणजे इथून मॉन्टेरीच्या बाजूला खराखुरा असलेला, 1957 साली सुरू झालेला, आणि सिम्युलेटरसाठी लेझरने मोजून उतरवलेला.

सिममध्ये या दांड्याला अंग नाही, तो सेटअपच्या पानावरचा एक आकडा आहे. खऱ्या गाडीत त्याला बदलायचं तर जॅक लावून पाठीवर झोपावं लागतं, लिंक रॉड दांड्याच्या हाताच्या दुसऱ्या भोकात घालावा लागतो. टोकाजवळचं भोक घेतलं की हात लांब होतो आणि दांडा नरमतो. काही रेसकारमध्ये त्याच्या टोकाला चपटी पट्टी असते. ती आडवी फिरवली तर वाकते, उभी केली तर ताठ राहते, आणि ड्रायव्हर बसल्या जागी खटका ओढून ती फिरवतो. इथे माउसची एक टिचकी पुरते. म्हणून शिकाऊ माणूस पहिला हात यालाच घालतो. शिवाय सिमची खुर्ची हलत नाही, गाडी कलल्याचं बुडाखाली कळत नाही, कळतं ते डोळ्यांना. मग पडद्यावरची गाडी सपाट दिसावी म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांचे दोन्ही बार कडक करून टाकतात. सपाट गाडी वेगवान असणारच, हा समज फार चिवट आहे.

लेकीने माझा तो समज मखराच्या खोक्यावर पेनने गणित मांडून काढला. हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य 45 सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर, वळणात एक जी, म्हणजे वजनाएवढाच आडवा जोर. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर 300 किलोचा भार जाणार.

"कडक बार लावला तर किती जाईल?" मी विचारलं.

"तेवढाच, बाबा. कलण्यामुळे पडतो तो फरक नगण्य."

"मग तो करतो काय?"

"त्या तीनशेतले पुढच्या चाकांनी किती सोसायचे आणि मागच्यांनी किती, एवढंच ठरवतो."

इथे या असामीचा खरा डाव दिसतो. टायरवर भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. त्यामुळे ज्या जोडीत एकावर फार आणि दुसऱ्यावर नावाला भार, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा बार कडक केला की पुढची जोडी आधी हात टेकते आणि गाडी वळायचं सोडून सरळ धावते. मागचा कडक केला की शेपूट बाहेर येतं. दोन्ही सारखेच आवळले तर वाटणी बहुतेक होती तिथेच राहते, फक्त गाडी खडबडीवर उड्या मारू लागते. स्वतःच्या खिशातून हा दमडीची पकड देत नाही. देतो ती एकाची काढून दुसऱ्याला. तरी मला तो स्प्रिंगपेक्षा प्रामाणिक वाटतो. स्प्रिंग बदलली तर गाडीची उंची, ब्रेक मारताना नाक खाली जाणं, सगळंच हलतं. याच्या कारभाराचा परिणाम मुख्यतः वळणात दिसतो.

लगूना सेकात त्याची परीक्षा कॉर्कस्क्रू नावाच्या वळणांवर होते. चढ संपतो, रस्ता डावीकडे वळून 59 फूट खाली कोसळतो आणि लगेच उजवीकडे फिरतो. माथ्यावर चाकं हलकी झालेली, त्यात आतलं चाक कर्बवर चढलं की कडक बार तो धक्का पलीकडच्या चाकापर्यंत पोचवतो. शेवटचं अकरावं वळण डावीकडचं, संथ, पुढे सरळ रस्ता. तिथे मागच्या चाकांना जोर जमिनीत उतरवायचा असतो, म्हणून मागचा बार नरम हवा. पण तोच नरम केला की लांब, वेगवान वळणांत गाडीचं नाक आत यायला कुरकुरतं. एकच दांडा सगळ्या वळणांना खूश करू शकत नाही. लेक एका वेळी एकच आकडा बदलते, टायरची हवा आधी नीट करून घेते, आणि टिचकीनंतर चार-पाच फेऱ्या मारल्याशिवाय मत देत नाही. हल्ली तिने मागचा बार एक घर सैल सोडलाय आणि वेगवान वळणांतलं कुरकुरणं सोसायचं ठरवलंय. शॉकअपच्या पानाला मात्र तिने मला अजून हात लावू दिलेला नाही.