दहा इंचांचा संसार

घरच्या सर्व्हरचा रॅक अखेर उभा राहिला. टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यापासून चालत आलेली १९ इंची रुंदी आमच्या टेबलाखाली मावणं शक्यच नव्हतं, म्हणून १० इंची घेतला. उंचीचं माप मात्र तेच: एक 'यू' म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. तळाला छोटा यूपीएस, कारण वजन खालीच हवं. वर दोन मिनी पीसी, मग स्विच, माथ्यावर पॅच पॅनेल.

केबलींनी अर्धा रविवार खाल्ला. पण वीतभर लांबीच्या पॅच कॉर्ड वेल्क्रोच्या पट्टीनं बांधल्या, तेव्हा कुठली तार कुठं जाते ते बोटानं दाखवता येऊ लागलं. झिप टायचा मला मनस्वी राग आहे. एक तार बदलायची तरी कात्री शोधा.

खरा प्रश्न आवाजाचा. सर्व्हरमधले ४० मिलिमीटरचे पंखे जोरात फिरले की नुसते किंचाळतात. मी मागं १२० मिलिमीटरचा एकच लावला, सावकाश फिरणारा.

"हे रात्रंदिवस चालणार? आणि बिल?" आईनं विचारलंच. सरासरी ५० वॉट धरले तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. आकडा तिला फारसा पटला नाही, पण "निदान धूळ तरी पुसत जा" एवढ्यावर निभावलं.

उद्या पाय-होल बसवायचं, जाहिराती अडवायला.