वाजवणाऱ्याचं नाव

मुकुंदवाडीत आमच्या घराच्या मागूनच रूळ जातात. गाडी गेली की भिंतीवर टांगलेल्या पप्पांच्या गिटारची एक सैल तार बारीक वाजायची. मला त्या आवाजाचा राग यायचा. धूळ खाणारी वस्तू, वर आवाज करते! शेवटी मी तिचा फोटो काढून विकायला टाकला. नवीन फोनसाठी पैसे कमी पडत होते. रविवारी सिडकोतला एक मुलगा बघायला येणार होता.

त्याच आठवड्यात, १८ जुलै २०२२ ला, मुंबईत भूपिंदर सिंग गेले.

पप्पा चिकलठाणा एमआयडीसीतून शिफ्ट करून आले, मोबाईल बघितला आणि डबा हातात घेऊन तसेच बसले.

"गझलवाले ना ते?" मी विचारलं.

"गायचे ते सगळ्यांना माहितीये. वाजवायचे काय, ते ऐकलंस का?"

त्यांनी 'चुरा लिया है' लावलं. आधी ग्लासचा टिंग, मग गिटार. १९७३ चं गाणं, हजार वेळा ऐकलेलं. ती गिटार भूपिंदर यांची. 'दम मारो दम'मधलीही त्यांचीच. हिंदी गाण्यात रॉकचा करंट आणणाऱ्या हातांपैकी एक हात त्यांचा होता, आणि मला त्यांचा फक्त आवाज माहीत होता.

मग मी वाचत गेलो. जन्म अमृतसरचा, १९४० चा. वडील संगीताचे कडक शिक्षक. इतके कडक की पोराला लहानपणी संगीताचाच वीट आला. पुढे दिल्ली आकाशवाणीवर नोकरी. तिथे मदनमोहन यांनी त्यांना ऐकलं आणि मुंबईला बोलावलं. १९६४ च्या 'हकीकत'मध्ये ते रफी, तलत आणि मन्ना डे यांच्यासोबत गायले. पुढे आर. डी. बर्मन यांच्याकडे गिटार वाजवली आणि गझलेलाही स्पॅनिश गिटारची सोबत दिली.

माझ्या ॲपवर त्या गाण्याखाली गायक, संगीतकार, गीतकार अशी सगळी नावं होती. गिटार कोणाची, ते नव्हतं.

पप्पा लग्नाआधी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीत, हळदीला, गावोगावच्या जत्रेत. माझा जन्म झाला, नोकरी पर्मनंट झाली, रात्रीचे कार्यक्रम सुटले. स्टेजवर अनाउन्सर गायकांची नावं घ्यायचा. "आमचं कोण घेणार?" एवढं बोलून ते हसले.

रविवारी मी सिडकोतल्या मुलाला फोन करून नाही म्हणालो. औरंगपुऱ्यातून तारांचा सेट आणला. पप्पांनी तारा बदलल्या, सूर लावले, पण बोटं पूर्वीसारखी चालेनात. दोनदा अडकले. तिसऱ्यांदा सुरुवातीचा तुकडा पूर्ण वाजला.

मी तो जुन्याच फोनवर रेकॉर्ड केला. फाईलला गाण्याचं नाव दिलं नाही, पप्पांचं दिलं.

आता गाडी गेली की तार वाजत नाही. घट्ट आहे.